तंत्र बाहेरून घ्यावे की घरी घडवावे?

कारखान्याला नवे तंत्र दोन वाटांनी मिळते. ज्याच्याकडे ते तयार आहे त्याच्याशी करार करावा, किंवा स्वतः संशोधनावर पैसा आणि वर्षे खर्च करावीत. करार केला तर माल लवकर बाजारात येतो, पण रॉयल्टी आणि अटी मागे लागतात. संशोधनात हात मोकळे राहतात, पण यशाची हमी नसते.

गॅरेज आणि सुट्या भागांच्या धंद्यातील आपल्या वाचकांना परिचित अशा दोन कंपन्यांची उदाहरणे पाहू.

हीरोने १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी भागीदारी केली. १९८५ मध्ये कमी पेट्रोल पिणारी सीडी १०० आली आणि २००१ पर्यंत हीरो होंडा विक्रीच्या संख्येत जगातील सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली. सौदा तोट्याचा मुळीच नव्हता. पण इंजिनाचे ज्ञान होंडाकडेच राहिले आणि निर्यात मोजक्याच देशांपुरती झाली. १९९९ मध्ये होंडाने भारतात स्वतःची वेगळी कंपनी काढली, म्हणजे भागीदारच प्रतिस्पर्धी झाला. २०१० मध्ये फारकत ठरली. त्यानंतर हीरोला संशोधन उभे करावे लागले. जयपूरजवळचे त्यांचे मोठे केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले.

पुण्याच्या बजाजनेही सुरुवात परवान्यावरच केली. इटलीच्या पियाजिओचा करार १९७१ मध्ये संपला, तेव्हा कंपनीने स्वतःच्या नावाने चेतक बाजारात आणली. पुढे मोटारसायकलसाठी कावासाकीचा हात धरला, पण सोबत आपले अभियंतेही तयार केले. २००१ ची पल्सर त्यांनीच घडवली. रेखाटनासाठी मात्र जपानी कंपनीची मदत घेतली. म्हणजे घरी घडवणे याचा अर्थ एकट्याने घडवणे असा नाही.

करारामुळे वेळ विकत मिळतो. त्या वेळात आपण काय शिकलो, यावर पुढचे सारे ठरते.

जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखानदारालाही हेच लागू आहे. डाय पार्टीची, ड्रॉइंग पार्टीचे आणि मेहनत तेवढी आपली, अशी स्थिती असेल तर पार्टी गेली की मशीन थांबते. म्हणून सहीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. हा माल आपण इतरांना विकू शकू काय? समोरचा स्वतःच या धंद्यात उतरला तर काय? आणि करार संपेल तेव्हा आपल्या कारागिरांच्या हाती कोणता हुनर उरेल?