गाडीची जागा कोणाची?

मन्नाएखेळ्ळीस गाडी अंगणात उभी राहते. तिचा हक्क कोणी विचारीत नाही. मुंबईस मुलांकडे जावे, तर पहिली तक्रार गाडीच्या जागेचीच.

दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेत हाच तंटा झाला. इमारतीखाली खांबांमधील २५ जागा आपण वेगळ्या विकू शकतो, असे बांधकाम करणाऱ्याचे म्हणणे. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. मालकी हक्काच्या सदनिकांच्या १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार अशी जागा सदनिका नव्हे, गॅरेजही नव्हे. ती सर्वांची सामाईक. विकत घेतल्याची पावती पुढे करणाऱ्यास हे कडू वाटणारच! सभासदास मिळतो तो वापर, मालकी नव्हे. जागांहून गाड्या अधिक झाल्या, तर आदर्श उपविधींप्रमाणे दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात.

मग आपल्या जागी दुसऱ्याची गाडी दिसताच ती ओढून न्यावी काय? मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम १२७ सार्वजनिक जागेविषयी आहे, आणि गाडी हलविण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास दिलेला आहे. आवारात समितीने प्रथम लेखी सूचना द्यावी. तंटा न मिटल्यास सहकार न्यायालय आहे. रागाच्या भरात चाकास साखळी घालणारे चिटणीस मात्र फिर्यादीचे आरोपी होऊ शकतात.