विडी सोडली आणि खोकला वाढला?

'डॉक्टर, विडी सोडली आणि खोकला उलट वाढला. ओढत होतो तेव्हाच बरा होतो!' ही तक्रार आमच्यासारख्या डॉक्टरांना वरचेवर ऐकावी लागते. खोकल्याला घाबरून काहीजण आठवड्याभरात पुन्हा विडी पेटवतात. म्हणून हा खोकला का येतो ते समजून घेऊ.

आपल्या श्वासनलिकेला आतून पेशींचे अस्तर असते. त्यातील बहुतेक पेशींवर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांना सिलिया किंवा पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर असे सुमारे २०० तंतू असतात आणि प्रत्येकाची लांबी मिलिमीटरचा जेमतेम दीडशेवा भाग. वाऱ्याने ज्वारीचे उभे पीक डोलावे तसे हे तंतू सेकंदाला दहा-बारा वेळा एका लयीत हलतात. त्यांच्यावर चिकट कफाचा पातळ थर असतो. श्वासातील धूळ आणि जंतू त्या थरात अडकतात आणि कफासह घशाकडे ढकलले जातात. घरातली केरसुणीच म्हणा ना!

तंबाखूच्या धुरात हायड्रोजन सायनाइड, ॲक्रोलीन, फॉर्मल्डिहाइड, अमोनिया अशी विषारी रसायने असतात. शास्त्रज्ञांनी माणसाच्या श्वासनलिकेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना असा धूर दिला. तेव्हा तंतूंची हालचाल मंदावली, लांबी घटली आणि नव्या पेशींवर तंतू कमी उगवले. वर्षानुवर्षे धूर घेतल्यास काही ठिकाणी तंतू नसलेल्या पेशींचेच अस्तर तयार होते. केरसुणी थकली की कचरा साचतो. मग तो बाहेर काढायला खोकल्याशिवाय उपाय उरत नाही. विडी ओढणाऱ्यांचा सकाळचा खोकला तो हाच.

विडी सोडली की तंतू पुन्हा वाढू व हलू लागतात. साचलेला कफ वर सरकतो, त्यामुळे काहींचा खोकला काही आठवडे वाढतो. ही झाडलोट सुरू झाल्याची खूण आहे. तंतूंचे काम पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. तेवढा धीर धरावा. भरपूर पाणी प्यावे. खोकला दाबणारे औषध मनाने घेऊ नये.

मात्र प्रत्येक खोकला असाच असतो असे समजू नका. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर विडी नुकतीच सोडलेली असली तरी थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयासाठी ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. थुंकीतून रक्त पडणे, दम लागणे, वजन घटणे, संध्याकाळचा ताप यांपैकी काहीही दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

चुलीच्या धुरातही यातील काही रसायने असतात. त्यामुळे विडीला कधी हात न लावलेल्या मायभगिनींनाही हाच त्रास होतो. स्वयंपाकघरात धूर कोंडू देऊ नका. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू श्वासनलिकेचे अस्तरच भाजून काढतो.

विडी सोडण्यासाठी आधार हवा असेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. शरीराने दिलेली केरसुणी आपल्याच हाताने जाळू नये, एवढेच सांगणे.