वर्गातील पवारणा

वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. आपल्या आचरणात दोष पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर सांगावे, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. आरंभ ज्येष्ठापासून होतो. शिक्षकाच्या आत्मपरीक्षणालाही आम्हांस हीच रीत योग्य वाटते. तपासणीत वह्या पाहिल्या जातात, पण न समजलेले वहीत उतरत नाही. घराण्यात पहिल्यांदाच शिकणारे मूल तर वर्गात विचारायलाही कचरते. म्हणून तासाअखेरीस आम्ही निनावी चिठ्ठ्या मागतो. कौंडण्यपूरचा इतिहास शिकविल्यावर बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आला: रुक्मिणीच्या माहेराची कथा आणि मोरेश्वर दीक्षितांचे उत्खनन, यांत पुरावा कशाला म्हणायचे? दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखून, एकात कथा व दुसऱ्यात उत्खननातील अवशेष मांडून, तोच पाठ पुन्हा घेतला.