पॉइंटचा हिशोब

पुसदकरांचा लांबचा रेल्वेप्रवास सहसा नांदेडहून सुरू होतो. म्हणून इथल्या माणसाने विमानाच्या मैलांपेक्षा रेल्वेच्या पॉइंटांकडे बघावे. आयआरसीटीसी-एसबीआयच्या प्लॅटिनम क्रेडिट कार्डावर एसी तिकीट काढले, की दहा टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात. एक पॉइंट म्हणजे तिकिटातला एक रुपया. स्लीपरला हा लाभ नाही. समजा, चौघांचे मुंबईचे एसी तिकीट 6,000 रुपयांचे झाले, तर फार तर 600 पॉइंट. कार्डाची पहिल्या वर्षाची फी 500, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. पहिल्या फेरीत जेमतेम फी निघाली!

पॉइंटांचे हे पैसे येतात कुठून? काही दुकानदाराच्या कमिशनातून, बरेचसे थकबाकीदारांच्या व्याजातून. व्याज साधारण महिना पावणेचार टक्के. 20,000 थकले, की महिन्याला 750 रुपये. सहाशे पॉइंट तिथेच बुडाले. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ‘किमान रक्कम’ भरून सुटका होत नाही.

म्हणून कार्ड घेतलेच, तर आजच बँकेत पूर्ण बिलाचे ऑटो-डेबिट लावा. आणि नांदेडपर्यंत एसटीने जाणाऱ्या बहिणींनो, 17 मार्च 2023 पासूनचे तुमचे अर्धे तिकीट कुठल्याही कार्डापेक्षा मोठी सवलत आहे.