मार्जाराचा मुखपाक आणि दडलेला कृमी

‘मांजराच्या तोंडाला वास येतो, लाळ गळते, खाणे सुटले आहे, लावायला काही द्या,’ असे म्हणत औषधालयाची पायरी चढणारा ग्राहक आता दुर्मीळ राहिलेला नाही. अशा वेळी लवंगतेलाची बाटली पुढे करण्याचा मोह आम्हांसही झालेला आहे. तो आवरावा. फिनॉल वर्गातील द्रव्ये ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची शक्ती अत्यल्प असते. मनुष्याच्या दाढेस उतार देणारे युजेनॉल त्याच्या अंगी विष ठरू शकते.

दातांवरील कीट, कॅलिसी विषाणू, वृक्कविकार ही या मुखपाकाची नेहमीची कारणे. परंतु भूमध्य सागरी प्रदेशातील इटली, स्पेन, पोर्तुगाल या देशांत आणखी एक कारण दडून बसते: ‘लिश्मॅनिया इन्फॅन्टम’ हा वाळूमाशीच्या दंशाने पसरणारा परजीवी. आपल्याकडील काळ्या आजाराच्या जंतूचा हा जवळचा भाऊबंद. मांजरातील पहिली नोंद १९१२ मध्ये अल्जीअर्स येथील. त्या घरातील कुत्रा व मूलही बाधित होते. अशा मांजराच्या हिरड्या सुजतात, जिभेवर गाठी वा व्रण उठतात. कधी त्वचेवर वा डोळ्यांतही विकार दिसतो. केवळ मुखाकडे पाहून स्टेरॉइड दिले, तर सूज उतरल्याचा भास होतो आणि प्रतिकारशक्ती दबल्याने परजीवीचे मात्र फावते. व्रणाचा तुकडा तपासणे, रक्तचाचणी व पीसीआर यांवाचून निदान होत नाही. उपचारांत ॲलोप्युरिनॉल प्रामुख्याने वापरले जाते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मत्वामुळे अदृश्य असतात, असे म्हटले आहे. एवढ्यावरून त्यांना लिश्मॅनिया ठाऊक होता, असे म्हणणे आम्हांस रुचत नाही. मात्र त्याच अध्यायातील अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन या त्रयीतील शेवटचे पद येथे अक्षरशः लागू पडते. वाळूमाशी संध्याकाळनंतर दंश करते. मांजर रात्री घरात ठेवणे हेच निदानपरिवर्जन. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मात्र त्याच्या अंगावर टाकू नये. ते प्राणघातक ठरते.

आपल्या परिसरातील पिलांच्या पांढुरक्या हिरड्या पाहताना प्रथम अंकुशकृमी व पिसवांनी शोषलेले रक्त आठवावे. मलपरीक्षण स्वस्त आहे. प्राण्यांची चिकित्सा १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमान्वये नोंदणीकृत पशुवैद्यकाची आहे. त्यांचा दूरध्वनी क्रमांक आम्ही गल्ल्याशेजारीच चिकटवून ठेवला आहे.