मेंदूतली प्रथिने (भाग ६) : गोत्र टाळूनही गाठणारा आजार

कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे लस टोचण्याआधी बाळाचे वजन होते, उंची होते आणि मोजपट्टी डोक्याभोवती फिरते. हा शेवटचा आकडा घरच्यांच्या फारसा लक्षात राहत नाही. पहिल्या वर्षात तो तक्त्यातल्या वरच्या रेषेपलीकडे जाऊ लागला, की डॉक्टर आधी आईवडिलांच्या डोक्याकडे पाहतात. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळते. क्वचित ते एका प्रथिनात सापडते, आणि त्या प्रथिनाच्या कहाणीतला मोठा भाग मुंबईत घडला आहे.

न्यू मरीन लाइन्सच्या बॉम्बे हॉस्पिटलात डॉ. भीमसेन सिंघल यांच्याकडे अशी मुले येत. डोके मोठे, चालायला उशीर, पुढे तोल जाणे, पाय ताठरणे, फिट्स. डोक्याला किरकोळ मार लागला, तरी प्रकृती एकदम ढासळायची. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग सगळीकडे सुजलेला, कानशिलांच्या बाजूला पाण्याच्या पोकळ्या. फिल्म पाहून मूल अंथरुणाला खिळले असेल असे वाटावे, तर ते समोर उभे राहून गप्पा मारत असे! यातली बहुतेक मुले अगरवाल कुटुंबांतली होती. सिंघल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे निरीक्षण मांडले, १९९६ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. दरम्यान १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डर क्नाप यांनी हाच आजार वर्णिला. जगभर त्यांचेच नाव जास्त चालते, हे जरा खटकतेच.

२००१ मध्ये २२व्या गुणसूत्रावर या आजाराचे जनुक सापडले. त्यावरून बनणारे प्रथिन म्हणजे एमएलसी-१. ते मेंदूतल्या तारकापेशींच्या आवरणात, विशेषतः रक्तवाहिन्यांना टेकलेल्या टोकांवर असते. चेतापेशी काम करताना पोटॅशियम बाहेर टाकतात. तारकापेशी ते शोषून घेतात, त्यामागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. मग क्लोराइड बाहेर पडते, पाणीही निघते आणि पेशी मूळ आकाराला येते. एमएलसी-१ नसेल, तर हा निचराच बिघडतो.

अगरवाल रुग्णांत बहुधा एकच बिघाड आढळतो: जनुकात ‘सी’ हे एक जादा अक्षर. त्याने पुढचे सगळे वाचन चुकते. शतकांपूर्वीच्या एखाद्या पूर्वजापासून ते अक्षर समाजात पसरले असावे. सोयरीक जुळवताना सगोत्र टाळले जाते, पण गोत्र फक्त वडिलांकडून येते, जनुक दोघांकडून. वेगवेगळ्या गोत्रांची, ठणठणीत दिसणारी दोन माणसे वाहक निघाली, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. बिघाड नेमका ठाऊक असल्याने वाहक कोण, हे रक्ततपासणीत कळू शकते. लग्नाच्या बैठकीत तिचा विषय काढणे मात्र अवघड.

आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. फिट्सवर गोळ्या, ताठरपणावर फिजिओथेरपी. एमएलसी-१ला जागेवर धरून ठेवणारे ग्लायलकॅम हे जोडीदार प्रथिन २०११ मध्ये उजेडात आले. त्याच्या जनुकाची एकच प्रत विशिष्ट प्रकारे बिघडलेल्या मुलांत मेंदूची सूज वयाबरोबर आपोआप ओसरते. ती कशी, हे पुढच्या भागात.