नख अडतं तिथे

पुण्यात वेल्डिंग करून काय मिळत नाही? खिडकीचं ग्रिल, शाळेची बाकं, रिक्षाचा सांगाडा. त्यामुळे पेठेतल्या एका सायकलच्या दुकानावर ‘ॲल्युमिनियम फ्रेमला वेल्डिंग करून मिळणार नाही’ अशी पाटी दिसली आणि मी थबकलो. नकार देणाऱ्या पाट्या या शहराला नव्या नाहीत, पण चालत आलेलं काम परत पाठवणारी पाटी विरळाच. विचारायला आत शिरलो आणि दुपार तिथेच गेली.

मिस्त्री साठीच्या पुढचे. रॉकेलमध्ये चेन धुतल्याचा वास दुकानात मुरलेला. त्यांच्या नऊ बोटांची नखं मुळापर्यंत कापलेली होती. उजव्या अंगठ्याचं मात्र त्यांनी राखलं होतं. ते कशासाठी, हे लवकरच दिसलं.

एक तरुण चकचकीत सायकल घेऊन आला. स्टँडवरून पडली तेव्हा हँडल गर्रकन फिरलं आणि ब्रेकचा लिव्हर वरच्या दांडीवर आदळला. बरोबर मधोमध रुपयाएवढा पोचा. “केवढा खोल गेलाय बघा ना,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पोच्यापेक्षा जास्त चेपलेला.

“किती खोल ते नंतर. कुठे आहे ते आधी,” मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “चांगल्या फ्रेमची नळी मधे एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते.”

हा एक मिलिमीटर त्या दुपारी मी पुन्हा पुन्हा ऐकला. ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणातही तेवढंच कमी. फ्रेम लवू नये म्हणून कारखानदार नळी जाडजूड घेराची करतात आणि वजन वाचवायला तिची भिंत पातळ ठेवतात. टोकांना, जिथे वेल्ड बसतो, तिथे ती जाड असते आणि मधे तासलेली. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्यावर माणूस जपून उभा राहू शकतो, पण कुणी बाजूला बोट टोचलं की डबा बसलाच. पोच्याची भीती एवढीच, की पातळ नळी त्या जागी मुडपू शकते.

मिस्त्रींनी पोचा चिंधीने पुसला, टॉर्च तिरपा धरला आणि अंगठ्याचं नख काठावरून सावकाश ओढलं. आधी आडवं, मग उभं. पुन्हा एकदा. नख कुठे अडलं नाही. धारेची घडी नाही, रंगाला चीर नाही. मग एक दोरा मागच्या चाकाच्या एका खाचेपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला आणि सीटच्या नळीपासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. सारखं. शेवटी स्केचपेनने पोच्याच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या. “चालवा. खुणेच्या पुढे काही सरकलं तर या.” पोचा ठोकून, ओढून वर काढायचा नाही, हेही बजावलं. एकदा दबलेला धातू उलटा वाकवला की तिथेच तडकायची शक्यता वाढते.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. हे मला पटलं नाही. वीस मिनिटांची नजर फुकट का जावी?

संध्याकाळी एक गृहस्थ मुलाची सायकल घेऊन आले. पोरगं उभ्या टेम्पोवर समोरून आदळलं होतं. पुढच्या चाकाचा चिमटा मागे वाकलेला, फ्रेम दिसायला धड. “काका, चिमटा तेवढा बदलून द्या.”

मिस्त्रींनी सायकल उलटी केली. हँडलच्या नळीला तिरपी दांडी मिळते, त्या जोडाच्या मागे, खालच्या अंगाला नळी किंचित फुगली होती. मला ती टॉर्चशिवाय दिसलीही नसती. नख तिथे अडलं. त्यांनी लाल द्रव फवारला, दहा मिनिटांनी पुसला आणि वर पांढरी पूड मारली. भोसरीच्या वर्कशॉपात वेल्ड तपासताना शिकलेली युक्ती. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. चिरेत मुरलेला रंग बाहेर आला होता.

“मग वेल्ड मारा की.”

इथे पाटीचा उलगडा झाला. वेल्डच्या आचेने आसपासचं ॲल्युमिनियम मऊ पडतं. सायकलींत नेहमी वापरल्या जाणाऱ्या 6061 या मिश्रधातूला ताकद परत द्यायची, तर अख्खी फ्रेम सुमारे 530 अंशांपर्यंत तापवून पाण्यात विझवायची आणि मग 170-180 अंशांवर कित्येक तास ठेवायची. गल्लीत ही भट्टी कुठून येणार?

शिवाय पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला, तर ते जवळपास कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक खड्डा त्याच्या खात्यात जमा होतो. 1954 साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं भूमध्य समुद्रात कोसळली, ती ॲल्युमिनियमच्या पत्र्याला अशीच थकव्याची चीर जाऊन. मिस्त्रींना कॉमेट माहीत नसेल, पण बोपदेव घाटाचा उतार माहीत आहे. जोड तिथे सुटला तर हँडल हातात राहतं आणि सायकल मागे.

“पण आत्ता तर चालतेय ना?” गृहस्थ.

“चालतेय. कुठवर, ते मी नाही सांगू शकत. म्हणून देत नाही.”

“मग विकूनच टाकतो.”

“भंगारात विका, किलोवर. दुसऱ्याच्या पोराला नको.”

मला विचाराल तर हेच खरं कौशल्य. ठसठशीत पोच्याला हो म्हणायचं आणि न दिसणाऱ्या फुगवट्याला नाही. जुन्या सायकलींच्या बाजारात नेमकं उलटं चालतं. पोच्याने भाव पडतो, नवा चिमटा आणि नवा रंग मारला की चढतो.

तेव्हा जुनी ॲल्युमिनियमची सायकल घेणार असाल, तर आधी ती उलटी करा. हँडलखालच्या जोडामागे टॉर्च तिरपा धरा, नख फिरवा. चिमटा एकटाच नवा दिसला तर का बदलला ते विचारा. आणि जोडाजवळ रंगाला बारीक रेघ दिसली, तर किमतीची घासाघीस करू नका, सायकल परत द्या.